विजेचा पाणतीर



जोगेश्वरीहून पश्चिमेकडे चालू लागले की ओशिवरा मागे टाकून तासाभरात वर्सोव्याचा कोळीवाडा आणि समुद्र लागतो. आमच्या महाविद्यालयात या कोळीवाड्यातली मुले येतात, तशीच गुहागर, दापोली, रत्नागिरीकडून पोटापाण्यासाठी इकडे येऊन स्थिरावलेल्या घरांतलीही येतात. मी इतिहास शिकवतो. दुसऱ्या महायुद्धावरचा तास संपवून मी व्हरांड्यात आलो, तर मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा माझ्यामागून आला आणि म्हणाला, "सर, माझे पणजोबा बोटीवर आगवाले होते. लढाईत बोटीला पाणतीर लागला आणि ते गेले, एवढंच घरी सांगतात. पण सर, पाणतीर येताना दिसत नाही का? मग बोट बाजूला का नाही घेतली?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर नीट देता आले नाही. इतिहासाच्या माणसाला सनावळी येते, यंत्र येत नाही. मग मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले, पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

पाणतीर म्हणजे काय, हे आधी पाहू. सात मीटर लांब, माणूस आत सरपटत जाऊ शकेल एवढ्या जाडीची पोलादाची नळी. पुढच्या टोकाला स्फोटक दारू, मधे शक्तीचा साठा, मागे यंत्र आणि पंखे. पाणबुडीच्या नळीतून तो सुटला की पाण्याखालून आपल्याच बळावर पळत जाऊन जहाजाच्या पोटावर आदळतो. रॉबर्ट व्हाइटहेड नावाच्या इंग्रज कारागिराने १८६६ साली आड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे बंदरात असा पहिला चालता पाणतीर तयार केला. त्याची शक्ती म्हणजे दाबून भरलेली हवा. पुढे त्या हवेत इंधन जाळून, वर पाण्याची वाफ करून, यंत्राचा जोर पुष्कळ वाढवण्यात आला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. असा पाणतीर दिसतो का? दिसतो, निदान त्याची वाट दिसते. हवेत चार भाग नत्रवायू आणि एक भाग प्राणवायू, हे आपण शाळेत शिकलो आहोत. जळतो तो प्राणवायूमुळे होणारा जाळ. नत्रवायू न जळता तसाच बाहेर पडतो, आणि पाण्यात लवकर विरघळतही नाही. मग तो बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. पाणतीर खालून पुढे जातो आणि त्याच्या मागे समुद्रावर पांढरी रेघ उमटत जाते. जहाजाच्या टेहळ्याने ती रेघ पाहिली, ओरडून सांगितले, आणि सुकाणूवाल्याने जहाज झटकन वळवले, तर पाणतीर बाजूने निघून जाई. जर्मनीच्या वाफेच्या पाणतीराचा वेग ४४ नॉट, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर होता. एक किलोमीटरवरून सोडला तर तो पाऊण मिनिटात पोहोचे. ती रेघ म्हणजे पाऊण मिनिटाची सूचना. थोडी खरी, पण तेवढ्यावर कित्येक जहाजे वाचली. शिवाय पाणबुडी नेमकी कुठे दडली आहे हेही तीच रेघ मागच्या मागे दाखवून देई.

ही रेघ पुसायची कशी? जिथे काही जळत नाही तिथे धूर नाही आणि बुडबुडाही नाही. म्हणून वीज.

गंमत अशी की ज्या 'टॉर्पेडो' शब्दाला आपण मराठीत पाणतीर म्हणतो, तो मुळात एका माशाचे नाव आहे. हा मासा अंगातल्या विजेचा झटका देऊन भक्ष्याला बधिर करतो. नाव विजेच्या माशाचे आणि यंत्र हवेचे, असे साठ-सत्तर वर्षे चालले होते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या ठेवायला बंदी केली. पण पाणतीरावरचे काम थांबले नाही. ते गुपचूप चालले, आणि १९२९ साली स्वीडनमध्ये विजेच्या पाणतीराच्या चाचण्याही झाल्या. त्यातून जो तयार झाला त्याचे नाव जी-७-ई. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा असे काही शस्त्र आहे हे इंग्रजांना ठाऊक नव्हते. १४ ऑक्टोबर १९३९च्या मध्यरात्रीनंतर स्कॉटलंडच्या उत्तरेच्या स्कापा फ्लो बंदरात यू-४७ ही पाणबुडी शिरली. तिथे 'रॉयल ओक' ही युद्धनौका नांगरून होती. पहिला पाणतीर नाळेजवळ लागला, तेव्हा जहाजावरच्या लोकांना वाटले की आपल्याच कोठारात काहीतरी फुटले. कित्येक जण पुन्हा निजले. थोड्या वेळाने दुसरा मारा आला आणि आठशेहून अधिक माणसे गेली. नंतर तळातून जे तुकडे वर काढले त्यांवरून इंग्रजांना कळले की हा पाणतीर विजेचा आहे.

आता या यंत्राचे पोट उघडून पाहू. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. जी-७-ईचे वजन सुमारे १,६०० किलो, त्यांपैकी २८० किलो स्फोटक. मधल्या मोठ्या भागात बॅटरी. आणि ही बॅटरी काही जगावेगळी नव्हती, बरं का! तुमच्या ट्रॅक्टरमध्ये किंवा एस.टी.च्या गाडीत असते तीच जात: शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल. असे ५२ घट एकापुढे एक जोडलेले. त्यावर सुमारे १०० हॉर्सपॉवरची मोटर. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या वीस मोटारी एकदम चालवाव्या, तेवढा जोर या बॅटरीतून ओढला जाई. मागे दोन पंखे, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे; कारण एकच पंखा असता तर पाणतीर स्वतःभोवतीच गरगरला असता.

एवढा जोर किती वेळ टिके? वेग ३० नॉट आणि पल्ला ५,००० मीटर. हिशेब करून पाहा, सुमारे साडेपाच मिनिटे होतात. वाफेच्या पाणतीराच्या मानाने वेग दोनतृतीयांश, पल्लाही कमी. जर्मनांनी रेघ पुसली ती अशी किंमत देऊन. पण त्यांना सौदा परवडला. बनवायला तो सोपा आणि स्वस्त होता. एक किलोमीटरवरून यायला त्याला मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागे, पण ते मिनिट आता जहाजाच्या काही उपयोगाचे नव्हते, कारण पाण्यावर पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

आणि पाणतीर लागतो तो पाण्याखाली. जहाजाच्या त्या भागात कोण असते? बॉयलरपाशी कोळसा ओढणारे आगवाले. वर डोलकाठीजवळच्या खलाशाला निदान समुद्रात उडी घेता येते. खालच्या माणसाला अरुंद लोखंडी शिडी चढायची असते, तीही वाफेत आणि अंधारात. कोकणातल्या गावागावांतून माणसे त्या काळी बोटीवर जात. कुणी सारंग, कुणी तांडेल, पुष्कळसे आगवाले. मुंबईत मशीद बंदर भागातल्या खलाशांच्या गृहात समुद्रावर मेलेल्यांचे स्मारक आहे. १९३९ ते १९४५ या युद्धात गेलेल्या आरमारी आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे साडेसहा हजार हिंदी खलाशांची नामावली आहे, आणि तिची दुसरी प्रत चितगावला ठेवलेली आहे. यांतली बहुतेक माणसे ज्यांना कबर नाही अशी.

तुम्ही म्हणाल, हे सारे दूरच्या अटलांटिकात घडले असेल. नाही, आपल्या दारातही घडले. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली 'तिलावा' ही उतारूंची बोट तीनच दिवसांनी जपानच्या आय-२९ या पाणबुडीने बुडवली; २८० माणसे गेली. (याच आय-२९ने पुढे एप्रिल १९४३मध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोसांना जर्मन पाणबुडीतून आपल्यात घेतले. इतिहास असा असतो. एकच पाणबुडी आपल्या एका घरात शाप आणि दुसऱ्या घरात आशा घेऊन येते.) मग १९४३च्या उन्हाळ्यात जर्मनांनी पाणबुड्यांचा एक तांडा हिंदी महासागराकडे धाडला. त्याचे नावच त्यांनी 'मॉन्सून' ठेवले, कारण आपला नैर्ऋत्य पावसाळा संपता संपता मारा सुरू करायचा असा बेत होता. वाटेतच पुष्कळशा बुडाल्या. ज्या पोहोचल्या त्यांपैकी यू-१६८ने २ ऑक्टोबरला मुंबईच्या पश्चिमेला 'हायचिंग' हे जहाज बुडवले, आणि मग पाणतीर न दवडता तोफेनेच शिडाची गलबते बुडवत सुटली. यू-५३२ने ११ ऑक्टोबरला अरबी समुद्रात 'जलबाला' बुडवले. वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या सिंदिया कंपनीचे, म्हणजे आपल्याच मालकीचे जहाज.

पण याच आठवड्यांत यू-१८८ या तिसऱ्या पाणबुडीची मात्र फजिती झाली. ओमानच्या आखातातून निघालेला जहाजांचा काफिला तिच्या टप्प्यात आला, तिने पाणतीर सोडले, आणि ते नीट चाललेच नाहीत. बॅटऱ्या उतरल्या होत्या. उतरवल्या कुणी? आपल्या उकाड्याने.

हे जरा समजावून सांगायला हवे. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते. गणपतीत लावलेली बॅटरी दिवाळीपर्यंत तशीच पडली तर ट्रॅक्टर चालू होत नाही, हा अनुभव तुम्हांला आहे. उष्णता जितकी जास्त तितकी ही उतरण वेगाने होते. आठ-दहा अंशांनी ऊन वाढले की उतरण जवळजवळ दुप्पट होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून आफ्रिकेला वळसा घालून विषुववृत्त दोनदा ओलांडत आलेल्या पाणबुडीच्या तापलेल्या पोटात ते पाणतीर महिनोन्महिने पडून होते. दर थोड्या दिवसांनी प्रत्येक पाणतीर नळीतून मागे ओढून काढायचा, घट तपासायचे, पाणी घालायचे, पुन्हा वीज भरायची, हे काम खलाशांच्या मागे सततचे. माणसांना झोपायला जागा नाही तिथे दीड टनाचे धूड साखळीला टांगून मागेपुढे करायचे! ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावली असताना जवळ विडी पेटवू नये असे मेकॅनिक सांगतो, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो धोका पाणबुडीत किती असेल, याची कल्पना करा.

आणि यात एक विलक्षण पेच होता. सोडायच्या वेळी हीच बॅटरी ऊबदार असावी लागे. ती ३० अंशांपर्यंत तापवून सोडली तरच ५,००० मीटर आणि ३० नॉट. थंड राहिली तर पल्ला ३,००० मीटरवर आणि वेग २८वर येई. म्हणजे क्षणभर ऊब हवी, पण मुक्कामाला ऊब नको. उत्तरेच्या गार समुद्रात तापवण्याची खटपट, आणि आपल्या समुद्रात न मागता मिळालेले ऊन साठा खाऊन टाकणारे. आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, "लोणच्यासारखं आहे, फोडणी गरम लागते, पण बरणी उन्हात ठेवून चालत नाही." मला हा दाखला फार आवडला.

विजेच्या पाणतीराने मारणाऱ्यालाही सोडले नाही. १९४२ साली अमेरिकेच्या हाती एक जर्मन पाणतीर लागला. त्याच्यावरून त्यांनी आपला मार्क-१८ बनवला आणि जपानविरुद्ध वापरला. २५ ऑक्टोबर १९४४च्या पहाटेपूर्वी तैवानच्या सामुद्रधुनीत 'टँग' नावाच्या अमेरिकन पाणबुडीने आपला शेवटचा पाणतीर सोडला. तो सरळ जाईना. डावीकडे वळला, वर्तुळ घेतले, आणि ज्या पाणबुडीने सोडला तिच्याच शेपटाकडे येऊन आदळला. ८७ माणसांतली फक्त ९ वाचली.

पुढचे पाऊल अधिक भयंकर होते. पाणतीराला कान बसवण्यात आले. सप्टेंबर १९४३मध्ये जर्मनांनी जो पाणतीर काढला तो जहाजाच्या पंख्यांचा आवाज ऐकून त्या दिशेला वळे. हे काम विजेशिवाय जमण्यासारखे नव्हते. वाफेच्या यंत्राचा स्वतःचाच गोंगाट एवढा की दुसऱ्याचे काय ऐकू येणार? विजेची मोटर शांत, आणि तीही मुद्दाम २४ नॉटवर सावकाश चालवायची. यावर दोस्तांनी तोड काढली ती अगदी गावठी: जहाजाच्या मागे लांब दोरीवर लोखंडी नळ्या खडखडत ओढत न्यायच्या. पाणतीर त्या खडखडाटावर जाई. रानात जनावर हाकायला पत्र्याचा डबा वाजवतात, त्याचीच ही उलटी तऱ्हा म्हणा.

आवाजाचा माग घेणाऱ्या पाणतीराचा घाव आपल्या आरमारालाही बसला आहे. ९ डिसेंबर १९७१ची रात्र. मुंबईहून निघालेल्या आपल्या 'खुकरी' आणि 'किरपाण' या नौका दीवजवळच्या समुद्रात पाणबुडी शोधत होत्या. पाकिस्तानची 'हंगोर' खाली दबा धरून होती. तिचा पहिला पाणतीर किरपाणखालून गेला आणि फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत नौका गेली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. दीवला किनाऱ्यावर खुकरीचे स्मारक आहे. तिकडे सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना ते जरूर दाखवावे.

आता त्या उतरणाऱ्या बॅटरीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे शिशाऐवजी चांदी आणि जस्त यांचे घट. महाग, पण तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज. आपल्या विशाखापट्टणच्या संरक्षण प्रयोगशाळेने घडवलेला 'वरुणास्त्र' हा जड पाणतीर विजेवर चालतो तो अशाच घटांवर. त्याचा वेग ४० नॉट आहे. २९ जून २०१६ रोजी त्या वेळचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते तो आरमाराच्या स्वाधीन झाला. तो युद्धनौकांवरून सोडायचा आहे. आपल्या काही पाणबुड्या मात्र मुंबईतच, माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. अलीकडच्या मालिकेतली पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी आरमारात आली, आणि दुसरीचे नाव आहे 'खांदेरी'. शिवाजीमहाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी ज्या बेटावर इंग्रजांना न जुमानता किल्ला बांधला, त्या बेटाचे नाव.

दुसरी वाट मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिने आमच्या उकाड्याचा प्रश्नच उरू दिला नाही. मॅग्नेशियम आणि चांदीचे क्लोराइड यांच्या पट्ट्या कोरड्याच ठेवायच्या. आत आम्ल नाही, पाणी नाही, म्हणून उतरणेही नाही. वर्षभर कोठारात ठेवा. पाणतीर समुद्रात पडला की खारे पाणी आत शिरते, आणि त्याच क्षणी बॅटरी जिवंत होते. "पाण्यात बॅटरी भिजत नाही का?" असे कुणी विचारले तर उत्तर असे की ही भिजल्यावरच चालू लागते. हलक्या पाणतीरांत असे घट वापरले गेले आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग तुमच्या शाळेत करता येईल. काचेच्या ग्लासात पाणी घ्या. त्यात एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी एकमेकींना न लागतील अशा उभ्या करा. जस्ताची पट्टी नसेल तर जुन्या सेलचे कवच स्वच्छ करून कापून घ्या. दोन्ही पट्ट्यांना तारा जोडून शाळेच्या गॅल्व्हानोमीटरला लावा. काटा जेमतेम हलेल. आता मुलांपैकी एकाला त्यात दोन चमचे मीठ टाकून ढवळायला सांगा, आणि सगळ्यांना काट्याकडे पाहू द्या. मग पट्ट्या बाहेर काढून पुसून कोरड्या करा, आणि आठवड्याने पुन्हा बुडवून पाहा.

तो मुलगा आमच्या प्रयोगशाळेत हाच ग्लास पाहत बराच वेळ उभा होता. मी त्याला म्हटले, "तुझ्या पणजोबांच्या बोटीवरचा टेहळ्या झोपला नव्हता. पाहण्यासारखं पाण्यावर काही नव्हतं." तो म्हणाला, "हे घरी सांगतो. आजी नेहमी त्या टेहळ्याला बोल लावते." आता सुटीत तो मशीद बंदरला जाऊन त्या यादीत नाव शोधणार आहे. बोटीचे नाव घरात कुणाला आठवत नाही, पण गावाचे नाव ठाऊक आहे.